येरवड्याच्या टेकडीवरचं पहिलं वर्ष

तू सांगोल्याहून आली आहेस, एफवायबीएस्सीला. कालच हॉस्टेलची खोली मिळाली: तीन खाटा, एक खिडकी, एक चार्जिंगचा पॉइंट. वडिलांनी सोसायटीचं कर्ज उचललंय हे त्यांनी तुला सांगितलेलं नाही आणि तुला ते कळलंय हे तू त्यांना सांगितलेलं नाहीस. निघण्याआधी पंधरवडाभर जो भेटेल तो तुला कॉलेजात यशस्वी कसं व्हायचं ते सांगत होता. पुढच्या बाकावर बस. नोट्स स्वतःच्या काढ. मोबाइल आवर. मैत्रिणी बघून कर. केटी लागू देऊ नकोस. यातलं काहीच खोटं नाही, आणि यातलं काहीच तुझ्या एकटीसाठी सांगितलेलं नाही. चल, येरवड्याला जाऊन येऊ. रिक्षा मिळणार नाही, कारण साल १८७३ आहे.

जानेवारीची सकाळ. तुला कॉलेज म्हटलं की जूनचा चिखल आठवतो, पण इथे मॅट्रिकची परीक्षा वर्ष सरताना होते आणि पास झालेली मुलं थंडीत वळकट्या घेऊन येतात. पेठा संपल्या की शहर संपतं. मग कँप, मग नदी. बंधाऱ्यामुळे पाणी तुंबून रुंद झालंय आणि त्याच्यावर धुकं आहे. पूल ओलांडलास की समोरच्या चढावर काळ्या दगडाची इमारत दिसते, कमानींची, मधोमध मनोरा असलेली. डेक्कन कॉलेज. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभं राहिलं आणि १८६८ साली या जागेत आलं. दगड अजून नवा आहे. काजळी धरायला त्याला वेळ आहे.

तू कोणाला दिसत नाहीस, आणि ते बरंच आहे. दिसली असतीस तर फाटकापाशीच अडली असतीस. मुंबई विद्यापीठ निघून सोळा वर्षं होत आली, पण त्यात बाई नाही. व्हरांड्यातली मुलं बघ: उपरणी, पगड्या, शेंड्या, बहुतेक आडनावं ब्राह्मणांची. तुझ्या गावातली तुझ्या वर्गातली निम्मी मुलं यात कुठे आहेत ते शोधू नकोस. याच वर्षी नदीपलीकडच्या शहरात जोतीराव फुले ‘गुलामगिरी’ छापतील, सप्टेंबरात सत्यशोधक समाज काढतील, आणि तो प्रश्न नेमका हाच असेल की ही पायरी चढायला मिळते कोणाला. इथे व्हरांड्यात त्याची चर्चा ऐकू येणार नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर गेल्याच वर्षी इथून बी. ए. होऊन बाहेर पडलेत, एवढं मात्र ऐकू येईल.

तो बघ, नदीकडून वर येतोय. केस ओले, अंगावर पंचा. सोळा वर्षांचा आहे. हातपाय काटकुळे, पोट सदा बिघडलेलं. रत्नागिरीचा जन्म, पुण्यात वाढला. गेल्या ऑगस्टात वडील गेले, त्यानंतर चार महिन्यांत याने मॅट्रिक दिली. लग्न झालेलं आहे. वडील शिक्षण खात्यातले, त्रिकोणमितीवर मराठीत पुस्तक लिहिणारे. गणित याला घरातूनच आलं. नाव बाळ गंगाधर टिळक, आणि कॉलेजात येऊन त्याने पहिला निर्णय घेतलाय तो असा की हे वर्ष अभ्यासाचं नाही, शरीराचं.

तुला हसू येतंय, पण तो मनापासून करतोय. पहाटे तालीम, जोर, कुस्ती. मग नदीत पोहणं, होडी वल्हवणं. मग भूक लागेल तेवढं जेवण आणि भरपूर दूध. वर्गात बसतो, पण डोळे पुस्तकात कमी. संध्याकाळी पुन्हा आखाडा. रात्री तो दुसऱ्यांच्या खोल्यांत शिरतो, कारण आपण सुधारलो तर बाकीच्यांनीही सुधारावं हा त्याचा जुलूम आहे. कोणी नाजूक प्रकृतीचा मुलगा विकतच्या औषधांच्या बाटल्या उशाशी मांडून बसलेला असेल, तर त्या बाटल्या बाहेर जातात आणि मालकाला तालमीत यायचं आमंत्रण मिळतं. मुलांनी त्याला दोन नावं ठेवली आहेत, ‘मिस्टर ब्लंट’ आणि ‘डेव्हिल’. तुझ्या हॉस्टेलवर अशी कोणी रूममेट आली तर तू रेक्टरकडे तक्रार करशील, आणि ती रास्त असेल.

वर्षाच्या शेवटी परीक्षा. ती त्याच्या हातची गेली. तुम्ही ज्याला वायडी म्हणता तसं काहीसं. एक वर्ष मागे पडला.

आता या गोष्टीचं पुढे काय करतात ते तुला ठाऊक आहे. लोकमान्यांच्या प्रत्येक चरित्रात ती येते आणि तिच्या शेवटी असं लिहिलेलं असतं की पुढे तुरुंगात हीच कमाई कामी आली. ते चूक नाही. १८९७ साली अठरा महिन्यांची शिक्षा झाली, १९०८ साली सहा वर्षांची, आणि मंडालेच्या उन्हाळ्यात मधुमेह घेऊन ‘गीतारहस्य’ लिहायचं तर आत काही शिल्लक असावी लागते. पण सोळा वर्षांच्या मुलाला मंडाले दिसत नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की या पोटाने आणि या हातापायांनी आपल्याला हवा तो अभ्यास झेपणार नाही. त्याने हिशोब केला आणि हिशोबाप्रमाणे वागला. बाकीचे नापास होतात ते बहुधा कशासाठी झालो हे माहीत नसताना होतात.

मला मात्र त्या गोष्टीतलं एक वाक्य नेहमी गाळलेलं वाटतं. वडील जाताना मागे थोडी पुंजी ठेवून गेले होते आणि काका पाठीशी होते. वर्ष बुडालं तर घर बुडणार नव्हतं. तू हे लक्षात ठेवावंस असं मला वाटतं, कारण पुढच्या चार वर्षांत तुला असे खूप लोक भेटतील जे म्हणतील की मार्कांत काय आहे, मी तर दोनदा उडालो, बघ कुठे पोचलो. त्यांना एकदा विचार, तेव्हा मेसचं बिल कोण भरत होतं.

पण थांब, टिळकाला एवढ्यात सोडू नकोस. पुढच्या वर्षी त्याच्या खोलीत डोकाव. (ती खोली आजही तिथे जपून ठेवलेली आहे, येरवड्याला खरोखर गेलीस तर बघता येईल.) आता तो अभ्यास करतोय, आणि त्याची रीत बघण्यासारखी आहे. वर्गात सांगितलेलं जसंच्या तसं उतरवून घेणं त्याला जमत नाही. इतिहासातली एखादी राणी अभ्यासक्रमात आली की नेमलेल्या पुस्तकावर त्याचं भागत नाही. तिच्याभोवतीची मिळतील ती पुस्तकं आणतो, वाचतो आणि मग स्वतःचं टिपण करतो. असा अभ्यास परीक्षेला सोयीचा नसतो, कारण दहा मार्कांच्या प्रश्नाला पन्नास मार्कांचं वाचन होतं. पण असं वाचलेलं विसरत नाही. तुझ्याकडे आज कोणीतरी पीडीएफ पाठवेल, ‘सर्व युनिट्स, गेल्या पाच वर्षांचे पेपर सोडवून’. घे. वापर. पण सहा विषयांतला एक तरी असा ठेव की ज्याची पीडीएफ तू उघडणार नाहीस.

गणिताच्या तासाला आत येऊन बस. मागे जागा आहे. शिकवणारे केरो लक्ष्मण छत्रे, मुलांचे केरूनाना. पन्नाशीकडे झुकलेले. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेलं, ग्रहगणिताची मराठीत कोष्टकं तयार केलेली, पंचांग आकाशाशी जुळत नाही म्हणून ते दुरुस्त करायला निघालेले. विद्यापीठ निघण्याआधी शिकून झाल्यामुळे त्यांच्या नावापुढे पदवी नाही, आणि ते पदवीच्या मुलांना शिकवतात. टिळकावर त्यांचा जीव आहे. ‘ओरायन’मध्ये वीस वर्षांनी हा मुलगा नक्षत्रांवरून वेदांचा काळ काढायला बसेल तेव्हा त्यातलं गणित कुठून आलं ते या खोलीत कळतं. केरूनानांना नीट बघून ठेव. ते पुन्हा लागणार आहेत.

तीन वर्षं पुढे. १८७६.

रात्र आहे. टिळक आता शेवटच्या वर्षाला. तू वसतिगृहाच्या दुसऱ्या टोकाला ये. एका खिडकीत सदरा वाळत घातलेला आहे. आत तेलाच्या दिव्याशी उघड्या अंगाने एक मुलगा वाचतोय. तो सदरा एवढाच त्याचा सदरा. रात्री धुवायचा, सकाळी घालायचा. पावसाळ्यात काय होत असेल ते तूच ठरव. तुझ्या हॉस्टेलच्या दोरीवर जीन्स तीन दिवस ओली राहते.

गोपाळ गणेश आगरकर. टिळकांच्याच वयाचा, दोघांच्या जन्मात नऊ दिवसांचं अंतर. पण हा कॉलेजात तीन वर्षं उशिरा पोचला, आणि त्या तीन वर्षांत काय होतं ते ऐक. गाव टेंभू, कऱ्हाडजवळ. घरी काही नाही. कऱ्हाडला मामलत-कचेरीच्या आसपास लिहिण्याचं काम, दवाखान्यात कंपाउंडरचं काम. शिकायला म्हणून रत्नागिरीपर्यंत पायी. तिथे जमलं नाही तेव्हा परत. मग वऱ्हाडात अकोल्याला नातलगांकडे, तिथून मॅट्रिक. अकोल्यात विष्णू मोरेश्वर महाजनी नावाचे मास्तर होते. अशी गोष्ट सांगतात की ते एकदा चिडून म्हणाले, तुमच्यासारख्यांच्या हातून काय होणार. आणि या पोराने तोंडावर सांगितलं की तुमच्यासारखाच एम. ए. होईन. मास्तरांनी राग धरला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यांनी त्याला कॉलेजात जायला पैशाची मदत केली.

या मुलाला पहिलं वर्ष शरीराला देता येत नाही. त्याला दमा आहे, तरीही देता येत नाही. एक परीक्षा चुकली की शिष्यवृत्ती गेली, शिष्यवृत्ती गेली की टेंभू. त्यामुळे तो टिळकासारखा कधी वागत नाही. तो वेळच्या वेळी पास होतो. १८७८ साली बी. ए. मधल्या काळात वृत्तपत्रात लेख लिहून चार पैसे मिळवतो, आणि त्या लिहिण्यातच पुढच्या ‘सुधारक’कर्त्याचा हात तयार होतोय हे त्यालाही अजून माहीत नाही.

बाहेर दुष्काळ पडतोय. १८७६चा पाऊस दख्खनमध्ये लागलाच नाही, आणि पुढची दोन वर्षं माणसं रस्त्यावर मरतील. टेकडीवरून शहराकडे येणारी माणसं दिसतात, डोक्यावर गाठोडी, मागे हाडं निघालेलं जनावर. सांगोल्याची आहेस, तुला दुष्काळ समजावून सांगायला नको. खिडकीतला मुलगा मान वर करून रस्त्याकडे बघतो आणि पुन्हा वाचायला लागतो. कॉलेजात शिकत असताना गावाकडचं आठवून आपण इथे कशाला बसलोय असं वाटणं ही तुझी एकटीची गोष्ट नाही.

परीक्षेची फी भरायची वेळ आली आणि पैसे नाहीत. तेव्हा त्याने काय ठरवलं? नाटक लिहायचं, नाटक कंपनीला विकायचं आणि फी भरायची. अभ्यास सोडून तो नाटक लिहायला बसला. ही बातमी केरूनानांच्या कानावर गेली. त्यांनी पैसे दिले आणि सांगितलं, अभ्यास कर.

माझ्या मते या टेकडीवरची सगळ्यांत उपयोगी गोष्ट ही आहे, आणि ती तुला कोणी सांगितलेली नसणार. हुशार गरीब मुलं मदत मागत नाहीत. त्यांना ते कमीपणाचं वाटतं. ती स्वतःच काहीतरी अवघड शोधून काढतात: रात्री डिलिव्हरीचं काम, शिकवण्या, तीन अंकी नाटक. आगरकरानेही हात पसरला नाही. त्याचं नशीब एवढंच की बातमी फुटली आणि ती योग्य माणसाच्या कानावर गेली. तू नशिबावर ठेवू नकोस. पहिल्या महिन्यात शिक्षकांपैकी एक असा बघून ठेव की जो तास संपल्यावर लगेच पळत नाही. त्यांच्याकडे एखादी शंका घेऊन जा, खरी शंका, दाखवायला आणलेली नको. मार्चमध्ये फी अडली, आजारी पडलीस, घरी काही झालं, तर त्यांना तुझं नाव माहीत असलं पाहिजे. शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर सही करणारा माणूस बहुधा हाच असतो. आणि कार्यालयातल्या बाईंशीही नीट बोल; शेवटची तारीख उलटून गेल्यावर कोणता कागद चालतो ते त्यांनाच माहीत असतं, प्राचार्यांना नाही.

अजून तीन वर्षं पुढे. १८७९. उन्हाळा.

शहरात भीती आहे. वासुदेव बळवंत फडके रामोशांना घेऊन डोंगरात बंड करतोय. १३ मेच्या रात्री बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा पेटतो. सरकारला प्रत्येक शिकलेल्या तरुणावर संशय आहे. आणि या टेकडीवर दोघे जण रात्री फिरतायत. एकाची एलएल. बी. चालू आहे, दुसऱ्याची एम. ए. दोघांना आता तेविसावं वर्ष चालू आहे आणि दोघांचाही आवाज मोठा आहे. वसतिगृहातली मुलं वैतागलेली आहेत. त्यांना झोपायचं असतं आणि हे दोघे व्हरांड्यात येतात आणि पुन्हा सुरू होतात.

जवळ जा. ऐक. देश असा का झाला, त्याला काय करायचं, आधी राज्य बदलायचं की आधी आपण बदलायचं. बायकांचं शिक्षण, बालविवाह, जात, परकी सत्ता. एक म्हणतो घर जळत असताना फर्निचर कशाला हलवतोस, दुसरा म्हणतो हे घर आतून किडलंय. (शब्द माझे आहेत, भांडण त्यांचं.) एका गोष्टीवर दोघे सहमत होतात: सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची. त्यांच्या पदव्यांना त्या काळी जो पगार मिळाला असता त्यात टेंभूचं घर उभं राहिलं असतं. आगरकराने आईला पत्र लिहून सांगितलं की मुलगा मोठ्या परीक्षा पास होतोय म्हणून मोठ्या पगाराची आशा धरू नको, पोटापुरतं मिळवून बाकी वेळ लोकांसाठी घालवणार आहे. ते पत्र मराठीत फार उद्धृत होतं. ते वाचून आईला काय वाटलं, ते फारसं कोणी विचारत नाही.

मग सगळं झपाट्याने घडलं. विष्णुशास्त्र्यांनी सरकारी नोकरी सोडली. २ जानेवारी १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल उघडलं. एम. ए. होऊन आगरकर तिथे आला. १८८१ साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघे डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस, तिथेही वाद चालूच. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ साली फर्ग्युसन. पुण्यातल्या कॉलेजांवर या दोघांच्या रात्रींचा कुठे ना कुठे हात आहे.

आणि मग ते फुटले. इतके की बोलेनासे झाले. एकाचा ‘केसरी’, दुसऱ्याचा ‘सुधारक’. आगरकर एकोणचाळीस वर्षं पुरी व्हायच्या आत, १८९५ साली, फर्ग्युसनचा प्राचार्य असताना दम्याने गेला. त्या सदऱ्याच्या दिवसांचं देणं त्याच्या छातीने फेडलं असं मला वाटतं. डॉक्टर तसं म्हणणार नाहीत.

तुला मैत्रिणी बघून कर असं सांगितलं होतं ना? त्याचा अर्थ बहुतेक असा होता की शांत, अभ्यासू, आपल्यातल्या. या दोघांनी उलट केलं. टिळकाला त्याच्यासारखाच आणखी एक टिळक भेटला असता तर दोघे तालमीत गेले असते. त्याला असा माणूस सापडला ज्याला त्याच्या प्रत्येक वाक्यावर हरकत होती आणि जो रात्री दोनलाही झोपायला जात नव्हता. तुझ्या मजल्यावर अशी एक मुलगी असेल. ती कदाचित नागपूरची असेल, तुझ्यापेक्षा वेगळं खात असेल, तुझ्या वडिलांच्या पक्षाला शिव्या देत असेल. तिच्याशी वाद घाल. फक्त एक लक्षात ठेव, त्यांच्या भांडणात फोन नव्हता. तू म्हणालीस त्यावर ती लगेच पुरावा दाखवू शकेल, आणि तूही. त्यामुळे अर्ध्या रात्री वाद होण्याऐवजी दोघी स्क्रीनकडे बघत बसाल. फोन उशीखाली ठेवून एकदा करून बघा.

पण त्या वादातलं एक तुझ्या ध्यानात आलं का? दोघे ज्याच्याबद्दल भांडत होते त्यात तू होतीस. बाईने काय शिकायचं. १८८४ च्या सप्टेंबरात पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, ज्याला आपण हुजूरपागा म्हणतो. तिथे मुलींना इंग्रजीसकट मुलग्यांसारखं शिकवायला घेतलं तेव्हा टिळकांच्या पत्रांनी त्या अभ्यासक्रमावर कडाडून टीका केली. बाटल्या फेकणाऱ्या त्या मोकळ्या मुलाने. आणि एकाच सदऱ्याच्या माणसाने लिहिलं की मुलींना मुलग्यांचंच शिक्षण द्या आणि एकत्र बसवून द्या. टेकडीवर तुला टिळक जास्त आवडला असेल. मलाही त्याच्याच खोलीत जास्त वेळ थांबावंसं वाटतं, तिथे हशा असतो. पण तुझी एफवायची जागा दुसऱ्याच्या बाजूने आली.

आता शेवटचा मुक्काम, आणि इथे तू एकटी नाहीस.

१८८० च्या दशकाचा मध्य. तीच इमारत. दगड थोडा काळवंडलाय. टिळक-आगरकर शहरात मास्तर झालेत. कॉरिडॉरमधून एक मुलगी येतेय, पारशी पद्धतीची साडी, हातात पुस्तकं. जन्म नाशिकचा, १८६६ चा. वडील पारशी, ख्रिस्ती झालेले, धर्मोपदेशक. आई पुण्यात शाळा चालवते. कॉर्नेलिया सोराबजी. तिकडे कलकत्त्यात कादंबिनी आणि चंद्रमुखी बसू १८८३ मध्ये पदवीधर झाल्या आहेत, पण डेक्कन कॉलेजात हिच्याआधी कोणी बाई नाही.

ती वर्गाच्या दाराशी पोचते. आतली मुलं दार लावून घेतात.

हे तिने म्हातारपणी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय, फार आरडाओरडा न करता. मुलं तिच्या तोंडावर दार आपटायची, ती आत येऊ नये म्हणून. ही देशासाठी शाळा काढणाऱ्यांच्याच कॉलेजातली मुलं, त्यांच्यापेक्षा दहाएक वर्षांनी धाकटी. तिच्या मागे उभी राहा आणि ती काय करते ते बघ. ती भांडत नाही, परत जात नाही. दार उघडेपर्यंत थांबते आणि आत जाऊन बसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मला यात वीरश्री दिसत नाही. कंटाळवाणं, अंगावर काटा आणणारं, रोजचं काम दिसतं, आणि त्याला मार्क नसतात.

तुझ्या तोंडावर कोणी दार लावणार नाही. तुझ्या प्रॅक्टिकलच्या गटात मुलं उपकरण हाताळतील आणि तुला रीडिंग लिहायला सांगतील. ‘तुझं अक्षर चांगलंय’ म्हणतील. पहिल्याच प्रॅक्टिकलला ब्युरेट हातात घे. अक्षर वाईट काढ.

१८८७. निकाल लागला. कॉर्नेलिया पहिल्या वर्गात पास, मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर, आणि त्या परीक्षेत इलाख्यात अव्वल. अव्वल येणाऱ्याला सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला जायला मिळत असे. तिला मिळाली नाही. कारण ती बाई होती, आणि असं लिहून कळवायला कोणाला लाजही वाटली नाही.

आता तू मला विचारशील की मग कॉलेजात यशस्वी कसं व्हायचं ते सांगायला मला इतक्या लांब कशाला आणलं, जर सगळं नीट करूनही असं होत असेल तर. प्रश्न रास्त आहे. टिळक वर्ष हरला कारण त्याला ते परवडत होतं. आगरकर वाचला कारण त्याच्या मास्तरांना वेळेवर कळलं. आणि ही पहिली आली, तरी दार पुन्हा लागलं. तुला सल्ला देणारे तुझ्या एकटीच्या वागण्याबद्दल बोलतात, कारण तेवढंच बोलणं सोपं असतं. तुझ्या खात्यावर काय आहे, तू पडलीस तर कोण पडेल आणि कोण झेलेल, हे त्यांना ठाऊक नसतं. ते तुला ठाऊक आहे. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता कोणत्या महिन्यात आहे तेही.

कॉर्नेलियाने घरी बसून काढलं नाही. ती अहमदाबादला गुजरात कॉलेजात नोकरीला गेली. विलायतेत तिच्या हितचिंतकांनी शिष्यवृत्तीच्या जागी वर्गणी जमवायला घेतली. लेडी हॉबहाउस पुढे होत्या, देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. १८८९ साली ती ऑक्सफर्डला सॉमरव्हिलमध्ये दाखल झाली आणि १८९२ साली तिथल्या बी. सी. एल. या कायद्याच्या परीक्षेला बसणारी पहिली बाई ठरली. पण ते नंतर. आधी ते अहमदाबादचे महिने बघ. गुजरात कॉलेज तेव्हा मुलग्यांचं होतं. ती इंग्रजी शिकवायची. ती आत यायची तेव्हा दार उघडं असायचं, आणि हजेरीचा पट तिच्या हातात असायचा.